आचार्य श्रीनागदेव : क्रोध आणि स्मरण

जीवाच्या ठिकाणी विकार, विकल्प व हिंसा ही कशी बळावतात, हे साधकवर्गास नव्याने सांगावयास नको. क्रोध प्रथम मनात उठतो, मग वाचेत उतरतो आणि अखेर हातापर्यंत येतो. त्यास मध्येच खंड कसा पाडावा, याचा पाठ आद्य आचार्य श्रीनागदेव उपाख्य भटोबास यांच्या चरित्रात मिळतो.

भटोबास गोदातीरीचे. आबाइसा त्यांची माता व महदाइसा चुलत बहीण. पूर्वाश्रमी त्यांची वृत्ती उग्र होती. हाती शस्त्र बाळगणाऱ्या धाडसी पुरुषाची होती. प्रथम ते दादोसांच्या संगतीत होते. पुढे सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या सन्निधानी आले. स्वामींनी त्यांचे तेज मोडले नाही. त्यास अहिंसेची व स्मरणाची दिशा दिली.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वामींना यादव दरबारातील विरोधकांचा छळ सोसावा लागला, असे पंथपरंपरा सांगते. पुढे स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. ज्याने एकेकाळी शस्त्र धरले, त्याच्या मनात अशा वेळी सूड उभा राहिला असता तर जगाने त्यास दोष दिला नसता. परंतु आचार्यांनी सूडाची वाट धरली नाही. स्वामींच्या आज्ञेनुसार ते ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. श्रीप्रभूंची चेष्टा लोकविलक्षण. कधी रुसणे, कधी कोपणे, कधी ताडन करणे. ते सर्व शिष्यवर्गाने प्रसाद म्हणून स्वीकारले. अकारण वाटणारा कोप शांतपणे झेलणे, हीच तेथील साधना होती.

श्रीप्रभूंच्या पश्चात आचार्य नित्य एकांती बसून स्वामींच्या लीळांचे मनन करीत. पांडित्याच्या अभिमानाने स्वामींशी वादास येऊन शेवटी स्वामींचाच शिष्य झालेल्या म्हाइंभटांनी, हे कशाचे चिंतन, असे विचारले. त्या प्रश्नातून लीळाचरित्र घडले. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून प्रत्यक्ष पाहिलेल्या-ऐकलेल्यांकडून लीळा मिळविल्या व आचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. ज्या दुःखातून वैर जन्मले असते, त्यातून मराठीचा आद्य गद्य चरित्रग्रंथ जन्मला.

येथे क्रोध दडपला गेला नाही. दडपलेला क्रोध राखेखालच्या निखाऱ्यासारखा असतो. नाम, लीळा, मूर्ती व चेष्टा या चतुर्विध स्मरणाने मन व्यापले की विकारास बसावयास जागाच उरत नाही. मात्र हे क्रोध आल्यावर शोधावयाचे औषध नव्हे. विजनातील नित्य अभ्यास असेल, तरच ऐन प्रसंगी नाम आठवते.

क्रोध ओसरला म्हणजे कणखरपणा गेला, असेही नव्हे. विद्वान शिष्य संस्कृताकडे झुकू लागले, तेव्हा साध्याभोळ्या स्त्रीवर्गास धर्म दुरावेल म्हणून आचार्यांनी मराठीचाच आग्रह धरला. तो आग्रह द्वेषातून नव्हे, करुणेतून आला होता.

इ.स. 1302 च्या सुमारास आचार्यांचा देहावसान झाला, असे मानतात. शस्त्र टाकणे एका दिवसाचे काम. मनातील शस्त्र टाकण्यास जन्मभराचे स्मरण लागते. भिक्षेत कोणी कटू बोलले, घरात भावाभावांत शब्द वाढला, तर उत्तर देण्यापूर्वी एक नाम घ्यावे. आचार्यांच्या मार्गाचा आरंभ तेथूनच होतो.