विश्लेषण : भाषा शिकवणारे ॲप जुनेच शब्द पुन्हा का विचारते?

भाषा शिकवणाऱ्या ॲपवर आज दहा शब्द पाठ केले, की उद्या नव्या शब्दांआधी तेच विचारले जातात. काही दिवसांनी पुन्हा तेच. अनेकांना हा वेळकाढूपणा वाटतो. या वेळापत्रकाचे मूळ मात्र जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांच्या प्रयोगांत आहे.

एबिंगहाउस कोण होते?

त्यांचा जन्म २४ जानेवारी १८५० रोजी बार्मेन येथे झाला. १८७३ मध्ये बॉन विद्यापीठातून तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवल्यावर त्यांनी काही वर्षे इंग्लंड आणि फ्रान्समध्ये शिकवण्या केल्या. त्या काळात जुन्या पुस्तकांच्या दुकानात गुस्ताव फेख्नर यांचा ग्रंथ त्यांच्या हाती लागला. संवेदना मोजता येते, असे फेख्नर यांनी त्यात मांडले होते. मग स्मृती का नाही, या प्रश्नाने एबिंगहाउस कामाला लागले. ना प्रयोगशाळा, ना सहकारी, प्रयोग स्वतःवरच.

मोजले काय?

ओळखीचे शब्द पटकन लक्षात राहतात, म्हणून त्यांनी सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट तयार केले. घड्याळाच्या टिकटिकीवर ते वाचायचे, बिनचूक म्हणता येईपर्यंत पाठ करायचे आणि काही काळाने पुन्हा पाठ करताना किती वेळ कमी लागला ते नोंदवायचे. १८७९-८० मध्ये हे प्रयोग झाले; खात्री करण्यासाठी १८८३-८४ मध्ये पुन्हा. वीस मिनिटांनंतर वेळेची बचत ५८ टक्के होती, एका दिवसानंतर ३४ आणि महिन्यानंतर २१ टक्के.

इथेच समाजमाध्यमांवर गल्लत होते. ३४ टक्के म्हणजे तेवढेच शब्द आठवतात, असे नव्हे. आठवत नसलेले पुन्हा पाठ करतानाही कष्ट सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, असा त्याचा अर्थ. विसरलेला शब्द पुरता पुसलेला नसतो. ॲप सोडून देणाऱ्यांनी हे आधी वाचायला हवे.

दुसरा निष्कर्ष तर परीक्षेच्या आदल्या रात्री घोकणाऱ्यांसाठीच. एका बैठकीतल्या ६८ आवर्तनांनी जे साधले, तेच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी साधले.

पुढे काय झाले?

१८८५ मध्ये त्यांचा स्मृतीवरील ग्रंथ आला. बर्लिनमध्ये मुख्य प्राध्यापकपद मात्र मिळाले नाही, म्हणून १८९४ मध्ये ते ब्रेस्लाऊला गेले. तिथे त्यांनी शाळकरी मुलांसाठी गाळलेल्या जागा भरण्याची चाचणी तयार केली. २६ फेब्रुवारी १९०९ रोजी हाले येथे न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

१९७० च्या दशकात सेबास्टियान लाइटनर यांनी शब्दांच्या चिठ्ठ्या खोक्याच्या कप्प्यांत लावण्याची पद्धत लोकप्रिय केली : आला तो शब्द पुढच्या कप्प्यात, चुकला तो पहिल्यात. आज हा हिशेब फोन ठेवतो. पण नुसत्या चिठ्ठ्या उलटवणारे ॲप अर्धेच काम करते. एबिंगहाउस यांनी बायरनच्या कवितेची कडवीही पाठ करून पाहिली होती. त्यांना निरर्थक अक्षरांच्या सुमारे एक दशांश श्रम पुरले. अर्थ आणि वाक्य सोबत असेल, तर शब्द कमी कष्टात टिकतो.

एकाच माणसावरचे प्रयोग म्हणून शंका घेणारे होतेच. २०१५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा केला, तोही एकाच व्यक्तीवर. विस्मरणाची रेषा जवळपास तशीच उतरली.