आचार्य सर जगदीशचंद्र बोस

चंद्रपुराहून निघालेल्या ५०० किलोव्होल्टच्या तारा १९९९ सालापासून ७५२ किलोमीटर अंतर ओलांडून ठाणें जिल्ह्यांतील पडघ्यापर्यंत वीज नेत आहेत. गडचिरोलीच्या बाजूस पाहावें, तर सागवानाच्या शेंड्यांवरून भ्रमणध्वनीचे मनोरे डोकावतात. त्यांच्याजवळून नित्य जाणारा मनुष्य सहज विचारतो कीं, ह्या न दिसणाऱ्या शक्तीचा आपल्या देहावर, गुराढोरांवर, उभ्या पिकावर कांहीं परिणाम होतो काय? हा प्रश्न आजचा वाटतो खरा. परंतु शंभर वर्षांपूर्वीं एका भारतीय पंडितानें तो एका रोपट्यास विचारला होता. त्या थोर पुरुषाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजीं पूर्व बंगालांत झाला. वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी व ब्राह्मसमाजाचे अनुयायी. त्या काळीं प्रतिष्ठित लोक आपल्या मुलांस इंग्रजी शाळेंत घालीत. भगवानचंद्रांनीं मात्र मुलास प्रथम बंगाली शाळेंत पाठविलें. तेथें एका बाजूस चपराशाचा मुलगा व दुसऱ्या बाजूस कोळ्याचा मुलगा बसे. त्यांच्या तोंडून पशुपक्ष्यांच्या व जलचरांच्या गोष्टी ऐकतां ऐकतां ह्या बालकास सृष्टीचें वेड लागलें. पुढें कलकत्त्यास सेंट झेविअर्स कॉलेजांत फादर लाफों ह्या जेसुइट गुरूंनीं त्यांस पदार्थविज्ञानाची गोडी लाविली. मिशनच्या शाळेंत शिकविणाऱ्या आम्हांस हें लिहितांना विशेष संतोष होतो, हें आम्ही लपवीत नाहीं. १८८० सालीं ते वैद्यकी शिकावयास विलायतेस गेले. परंतु तापानें प्रकृति ढासळल्यामुळें तो अभ्यास सोडून केंब्रिज येथें लॉर्ड रॅले ह्यांच्या हाताखालीं शास्त्र शिकले.

१८८५ सालीं ते प्रेसिडेन्सी कॉलेजांत प्राध्यापक झाले. युरोपियन प्राध्यापकास जो पगार मिळे, त्याच्या दोन-तृतीयांशच हिंदी माणसास देण्याची तेव्हां रीत होती. जगदीशचंद्रांनीं भांडण केलें नाहीं, राजीनामाही दिला नाहीं. ते रोज वर्गावर जात आणि पगारास मात्र हात लावीत नसत. असें तीन वर्षें चाललें. अखेर सरकारनें पूर्ण पगार मागील बाकीसह दिला.

हर्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८८८ च्या सुमारास विद्युच्चुंबकीय लहरी प्रत्यक्ष उत्पन्न करून दाखविल्या होत्या. पण त्या लांबीनें मोठ्या होत्या. जगदीशचंद्रांनीं कॉलेजच्या एका चिमुकल्या खोलींत, देशी कारागिराच्या हातून उपकरणें करवून घेऊन, ५ ते २५ मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या. साधनें तरी काय? पिळलेला ताग, आणि पानापानांत कथिलाचा पत्रा घातलेलें आगगाड्यांच्या वेळापत्रकाचें जाड पुस्तक! एवढ्यावर त्यांनीं ह्या लहरींचें ध्रुवीकरण तपासलें. १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउनहॉलांत त्यांच्या लहरी लेफ्टनंट गव्हर्नरांच्या देहांतून व भिंतींतून आरपार जाऊन पलीकडील घंटा वाजवित्या झाल्या, आणि बंदुकीची दारूही पेटली. साहेबांच्या देहास काय झालें, हें त्या दिवशीं कोणी विचारलें नसावें.

पुढें जगदीशचंद्रांची दृष्टि सजीवांकडे वळली. लहरी टिपणारें यंत्र फार वेळ चाललें म्हणजे थकतें व विश्रांतीनें पुन्हा ताजें होतें, असें त्यांस आढळलें होतें. मग धातु, स्नायु आणि वनस्पती ह्यांच्या प्रतिसादांत साम्य आहे काय, ह्याचा ते शोध घेऊं लागले. ज्या लाजाळूस आमचीं मुलें बोट लावून मिटवितात, तिलाच त्यांनीं यंत्रास जोडलें. रोपट्याची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखविणारें क्रेस्कोग्राफ यंत्र त्यांनीं बनविलें. त्याच्या साहाय्यानें त्यांनीं १९१९ सालीं ‘नेचर’ पत्रांत बिनतारी लहरींचा वनस्पतींवरील परिणाम प्रसिद्ध केला: क्षीण लहरींनीं वाढीचा वेग वाढतो व तीव्र लहरींनीं तो मंदावतो. लहरी चांगल्या कीं वाईट, असें न विचारतां किती तीव्र, असें त्यांनीं विचारलें, ह्यांतच आम्हांस त्यांची खरी थोरवी दिसते.

सर्वांनींच त्यांचें म्हणणें मानलें, असें नव्हे. १९०१ सालीं लंडनच्या शरीरशास्त्रज्ञांनीं त्यांस कडवा विरोध केला. वनस्पतींस प्राण्यांप्रमाणें मज्जातंतु आहेत, हें त्यांचें मत आम्हांसही अतिव्याप्त वाटतें. तथापि झाडांत विजेचे संदेश वाहतात, हें आज शास्त्रानें मान्य केलें आहे. १९१७ सालीं त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली व त्याच वर्षीं आपल्या वाढदिवशीं त्यांनीं कलकत्त्यास बोस संस्था स्थापिली. १९२० सालीं ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजीं गिरिडीह येथें त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्यामागें प्रश्न वाढला. तीव्र लहरींनीं शरीर तापतें, ह्याविषयीं वाद नाहीं, आणि सुरक्षिततेच्या मर्यादा मुख्यतः त्यावरच बांधिल्या आहेत. क्षीण लहरींचें मात्र एकमत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०११ सालीं रेडिओलहरींस ‘कदाचित् कर्करोगकारक’ ह्या वर्गांत घातलें, म्हणजे पुरावा अपुरा पण दुर्लक्ष करण्याजोगा नाहीं. भारत सरकारनें २०१२ सालीं मनोऱ्यांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणिली. २०२२ सालीं भ्रमणध्वनीसाठीं ज्या २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा लिलाव झाला, त्याच्या लहरींची लांबी सुमारें साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे जगदीशचंद्रांनीं त्या चिमुकल्या खोलींत निर्माण केलेल्या लहरींपैकींच. तीं जुनीं उपकरणें बोस संस्थेंत जपून ठेविलीं आहेत.