मोडलेल्या संसारातून उभे राहिलेले थोरले महाराज

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमेला आपल्या शहापूर-मुरबाडच्या गावोगावी दत्तजन्माचा पाळणा हलतो. तोवर भाताची झोडणी उरकलेली असते. कोणाची कणगी भरलेली, तर कोणाचं कापलेलं भात अवकाळी पावसाने शेतातच भिजून काळं पडलेलं. पाळण्याची दोरी ओढायला मात्र दोघेही येतात. त्यातल्या दुसऱ्या माणसासाठी यंदा प. पू. वासुदेवानंद सरस्वती, म्हणजेच टेंबे स्वामी महाराजांच्या आयुष्यातलं एक पान उघडूया. महाराजांची स्तोत्रं आपण रोज म्हणतो, पण ते आधी आपल्यासारखेच प्रपंची गृहस्थ होते हे विसरून जातो.

महाराजांचा जन्म १८५४ साली श्रावण वद्य पंचमीला सावंतवाडी संस्थानातल्या माणगावी झाला. वडील गणेशभट्ट दत्तभक्त, त्यांचा बराच काळ गाणगापुरी सेवेत गेला. वासुदेव वाढला तो आजोबा हरिभट्टांच्या हाताखाली. वेदाध्ययन झालं, ज्योतिष आलं. एकविसाव्या वर्षी लग्न होऊन अन्नपूर्णाबाई घरात आल्या. घरची गरिबी, पण नेम कडक. पुढे नरसोबाच्या वाडीची ओढ लागली आणि गोविंदस्वामींचं मार्गदर्शन लाभलं. १८८३ साली माणगावात त्यांनी दत्तमंदिर उभं केलं. मातीच्या भिंतींचं साधंच देऊळ, पण लांबलांबून माणसं आपली दुःखं घेऊन तिथे येऊ लागली.

इथे कोणालाही वाटेल, आता सगळं मार्गी लागलं. पण सातव्या वर्षी दत्तप्रभूंची आज्ञा झाली आणि हे भरलेलं देऊळ सोडून महाराज पत्नीसह निघाले. सोबत पैसा नाही, पुढे घर नाही. एक मूल झालं, तेही मृत. पुढे फिरत फिरत दोघं गोदाकाठी गंगाखेडला आली आणि तिथे १८९१ च्या वैशाखात अन्नपूर्णाबाई आजाराने गेल्या.

बघा, महाराजांना तेव्हा सदतीसावं वर्ष चालू होतं. गाव सुटलं, देऊळ सुटलं, मूल हाती लागलं नाही आणि सोळा वर्षांची सोबतही परक्या गावी संपली. लौकिक अर्थाने मागे काहीच उरलं नव्हतं.

महाराजांनी काय केलं? हाताशी आलेलं कर्तव्य आधी पुरं केलं. पत्नीचे दिवस यथासांग केले आणि चौदाव्या दिवशी संन्यास घेतला. पुढे उज्जैनीस नारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला आणि पहिला चातुर्मास तिथेच केला.

त्यानंतरची तेवीस वर्षं म्हणजे त्यांचा दुसरा जन्मच. दंड, कमंडलू, छाटी एवढाच संसार, मधुकरीचं अन्न आणि पायी प्रवास. हरिद्वार, ब्रह्मावर्त, द्वारका, पवनी, कुरवपूर असे चातुर्मास झाले. पोटाचा जुना विकार कायम सोबतीला, तरी स्नानसंध्येत खंड नाही. दत्तपुराण, दत्तमाहात्म्य याच काळातलं. आपल्या तोंडी असलेलं घोरकष्टोद्धरण स्तोत्र १९११ च्या कुरवपूरच्या चातुर्मासातलं. दिगंबरा नामाचा अठरा अक्षरी मंत्र त्यांच्यामुळे घरोघरी गेला. गांडाबुवा, दीक्षित स्वामी, गुळवणी महाराज, रंगावधूत अशी शिष्यमंडळी लाभली तीही या दुसऱ्या पर्वातच. ज्यांच्या घरी पाळणा हलला नाही, त्यांच्यामागे केवढा हा परिवार!

१९१४ च्या आषाढ शुद्ध प्रतिपदेला नर्मदाकाठी गरुडेश्वरी महाराज समाधिस्थ झाले. सोडून आलेल्या माणगावच्या देवळाचाही पुढे इंदूरच्या इंदिराबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला.

आता कोणी विचारील, महाराज अवतारी पुरुष, आम्हा संसारी माणसांनी यातून काय घ्यायचं? संन्यास नक्कीच नाही घ्यायचा. घरात माणसं आहेत, गोठ्यात गुरं आहेत. घ्यायचं ते एवढंच, की दुःखाचे दिवस दुःखाला द्यावेत, त्यातलं कर्तव्य चुकवू नये आणि ते संपल्यावर पुढचं पाऊल टाकावं. सगळी वाट दिसायलाच हवी असं नाही. गंगाखेडहून निघताना गरुडेश्वर कुठे दिसत होतं?

भात भिजलं तरी ओल आहे तोवर वाल-हरभरा पेरता येतो. महिन्याभराने म्हशाची जत्रा भरेल, तिथे पुन्हा बैलजोडी बघता येईल. घरातलं कोणी गेलं असेल, तर त्याच्या नावाने दिवा लावून चार घास दुसऱ्याच्या मुखी घालता येतील. पालखी निघेल तेव्हा रिकाम्या हाताने का होईना, तिला खांदा द्यायला या. महाराजही रिकाम्या हातानेच निघाले होते.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥