चिखलातले बाजीप्रभू

मी भोरचा, रूम पार्टनर वेल्ह्याचा. दिवाळीच्या सुट्टीआधी होस्टेलमागे किल्ला करायचा ठरलं. त्याला राजगड हवा होता, मी घोडखिंडीवर अडून बसलो. गोणपाट चिखलात बुडवून विटांवर टाकलं, कातळ तयार! हिरव्या भुशाचं गवत झालं. पण बाजारातले मावळे इतके चकाचक, की जणू वरातीलाच निघालेत.

तेव्हा बाजीप्रभू देशपांडे नीट आठवावे लागले. गाव सिंद, आमच्याच भोर तालुक्यातलं. हिरडस मावळच्या बांदल देशमुखांचे ते कारभारी. बांदल आधी महाराजांच्या विरोधात, म्हणून बाजीही समोरच्या बाजूला. पुढे स्वराज्यात आले ते कायमचेच. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज पन्हाळ्याहून निसटले. आषाढातली रात्र, धो धो पाऊस, साठेक किलोमीटरची वाट. विशाळगड जवळ आल्यावर बाजी बांदलांच्या गड्यांसह खिंडीत थांबले. महाराज गडावर पोचले, बाजी पडले.

मग काय, ब्रश घेतला. मावळ्यांना गुडघ्यापर्यंत पातळ चिखल, अंगरख्यांवर चहाच्या पाण्याचे डाग, तलवारींवर काजळी, ओल्या कातळासाठी वॉर्निश. बाजींना मळवायला मात्र पार्टनरचा सक्त विरोध. त्याला तो अपमान वाटत होता. अर्धी रात्र वाद झाला. रात्रभर पावसात धावून आलेला माणूस स्वच्छ कसा असेल?

शेवटी पहिला चिखल त्यानंच लावला, अगदी हळुवार हातानं.