जशी वस्तू, तशी पेटी

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. मोसमात आसपासच्या खेड्यांतून शेतकरी हिरव्या मिरचीची पोती घेऊन येतात. व्यापारी पोत्यात हात घालतो, मूठभर मिरची बाहेर काढतो, देठ पाहतो, वाण ओळखतो. मग भाव ठरतो, वजन होते, पोत्याचे तोंड शिवले जाते आणि माल गाडीत चढतो. आधी माल ओळखायचा, मग तो बांधायचा आणि मगच रस्त्याला लावायचा, हा या बाजाराचा साधा शिरस्ता आहे. तो मोडला तर नुकसान ठरलेले.

नेमका हाच शिरस्ता एका अशा मालाला लागू आहे, ज्याचे नाव ऐकताच पुष्कळांच्या अंगावर काटा येतो. तो माल म्हणजे किरणोत्सारी पदार्थ. इस्पितळातील तपासण्या, कारखान्यातील जोडांची परीक्षा, मसाल्यांचे निर्जंतुकीकरण अशा कामांसाठी हे पदार्थ आपल्या रस्त्यांवरून, रेल्वेने आणि विमानाने नेहमी ये-जा करतात. भारतात या सगळ्याचा आरंभ ज्यांच्यामुळे झाला, ते डॉ. होमी जहांगीर भाभा आपल्याला अणुभट्ट्यांचे शिल्पकार म्हणून ठाऊक आहेत. पण अणूची भीती मोजमापाच्या चौकटीत बसवण्याचे काम त्यांच्याच काळात या देशात सुरू झाले, याची आठवण फारशी निघत नाही.

भाभांचा जन्म मुंबईचा, ३० ऑक्टोबर १९०९ चा. घराणे पारशी, सुखवस्तू आणि विद्याव्यासंगी. योगायोग असा, की त्याच वर्षी शोम्बर्ग नावाच्या एका जर्मन रसायनतज्ज्ञाच्या हाती त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील वाळूचे रहस्य लागले. त्रावणकोरहून युरोपात गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत त्याला मोनाझाइट सापडले, असे सांगितले जाते. मोनाझाइटमध्ये थोरियम असते आणि थोरियम हे सौम्य किरणोत्सारी मूलद्रव्य आहे. म्हणजे आपल्या देशातला हा माल पहिल्यांदा परदेशी गेला तो कोणाच्याही नकळत, दोरखंडाच्या धाग्यांत अडकून. ना त्याची कोणी पारख केली, ना त्याला पेटी केली.

थोरियम हे नाव परके वाटले, तरी वस्तू आपल्या आजोबा-पणजोबांच्या ओळखीची आहे. खेडोपाडी वीज पोचण्यापूर्वी लग्नाच्या वरातीत, कीर्तनात, तमाशाच्या फडात आणि देवीच्या जत्रेत गॅसबत्त्या पेटत. तिच्यातले पांढरेशुभ्र मेंटल म्हणजे थोरियमच्या संयुगात बुडवलेली कापडाची जाळी. कापड जळून जाई आणि थोरियम ऑक्साइडची नाजूक राख मागे राहून लख्ख प्रकाश देई. पेट्रोमॅक्सच्या उजेडात बसलेल्या कोणाला कल्पनाही नसे, की आपल्या डोक्यावर एक किरणोत्सारी पदार्थ टांगलेला आहे. त्याचे प्रमाण इतके अल्प असे, की त्या प्रकाशात बसणाऱ्याला घाबरण्याचे कारण नव्हते. मात्र फुटलेल्या मेंटलची पूड श्वासावाटे आत घेणे किंवा तेच हात तोंडाला लावणे शहाणपणाचे नव्हते. मोठा धोका नाही, पण निष्काळजीपणालाही जागा नाही, असा या सौम्य मालाचा स्वभाव असतो.

भाभांच्या घरी त्यांनी इंजिनिअर व्हावे आणि टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी अपेक्षा होती. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले, यंत्रशास्त्राची परीक्षा त्यांनी १९३० मध्ये उत्तम रीतीने पार केली आणि मग मन ओढत होते त्या भौतिकशास्त्राकडे वळले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या परस्परक्रियेवरील त्यांच्या संशोधनाला आजही त्यांचेच नाव आहे. विश्वकिरणांचे वर्षाव कसे होतात, याची उपपत्ती त्यांनी वाल्टर हाइटलर यांच्यासह १९३७ मध्ये मांडली. १९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले, महायुद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या छत्राखाली ते काम करू लागले. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

याच काळात त्यांच्या मनाने उचल खाल्ली. आपल्या देशात मूलभूत संशोधनाचे पीठ हवे, असा प्रस्ताव त्यांनी मार्च १९४४ मध्ये सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीपुढे ठेवला. त्यातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. तिचे मुंबईतील पहिले घर म्हणजे पेडर रोडवरील भाभांच्या नात्यातलाच एक बंगला.

टाटांशी भाभांचे नाते केवळ संस्थेपुरते नव्हते. सर दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई या त्यांच्या आत्या. १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले आणि पुढल्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या निधीतून परळला १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९६२ मध्ये हे रुग्णालय अणुऊर्जा खात्याच्या कारभारात आले, तेव्हा खात्याची सूत्रे भाभांच्याच हाती होती. आत्याला जो रोग घेऊन गेला, त्या रोगाशी झुंजणारे रुग्णालय भाच्याच्या खात्याशी जोडले गेले. अणूकडे इस्पितळाच्या बाजूनेही पाहिले पाहिजे, हे या घराला वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

स्वातंत्र्यानंतर लगेच, ऑगस्ट १९४८ मध्ये, अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. पहिला प्रश्न त्रावणकोरच्या त्या वाळूचाच होता. परदेशी कंपन्या ती जहाजे भरभरून नेत आल्या होत्या. ही निर्यात थांबवून वाळूवर इथेच प्रक्रिया करायची, असे धोरण ठरले. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी निघाली, डिसेंबर १९५२ मध्ये केरळातील आलवे येथे कारखाना सुरू झाला. तिथे वेगळा झालेला थोरियमचा माल मुंबईजवळ तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, येऊ लागला. १९५५ मध्ये तिथे सुरू झालेल्या कारखान्यात त्यापासून थोरियम नायट्रेट तयार होई आणि ते गॅसबत्तीच्या मेंटलसाठीही जाई. दोरखंडात लपून परदेशी गेलेला माल आता ओळख पटवून, नोंद करून देशातल्या देशात प्रवास करू लागला.

या सौम्य मालाला नियमांत वेगळे स्थान आहे. खनिज, वाळू, थोरियमचे संयुग अशा मालात किरणोत्सार असतो. पण तो एवढ्या मोठ्या वजनात विखुरलेला असतो, की एखाद्याच्या पोटात किंवा फुप्फुसात चुकून जाईल तेवढ्या भागातून मोठी इजा होणे कठीण. म्हणून अशा मालाला औद्योगिक प्रतीचे मजबूत, न गळणारे वेष्टन चालते. त्याहून अल्प मात्रा, उदाहरणार्थ लहानसे उपकरण, असेल तर नियमांची बरीच सूट मिळते. मात्र अशा पेटीच्या पृष्ठभागावरील किरणांची मात्रा तासाला ५ मायक्रोसिव्हर्टच्या वर जाता कामा नये. सिव्हर्ट हे शरीराला पोचणाऱ्या किरणांचे माप. जमीन, हवा आणि आकाश यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाकाठी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे २४०० मायक्रोसिव्हर्ट, एरवीही मिळतच असतात. या तुलनेवरून त्या मर्यादेचा अंदाज यावा.

माल जसा तीव्र होत जातो, तशी पेटी कडक होते. इस्पितळात जाणारी औषधे बहुधा ए प्रकारच्या पेटीतून जातात. ही पेटी पावसात भिजली, हातातून निसटली किंवा तिच्यावर दुसरा माल रचला तरी टिकली पाहिजे. म्हणून तिच्यावर पाण्याचा मारा करतात, तिला १.२ मीटर उंचीवरून पाडतात, तिच्यावर वजन ठेवतात आणि ६ किलोची सळई एक मीटरवरून तिच्यावर सोडतात. कर्करोगावरील उपचारयंत्रात लागणारे कोबाल्ट त्याहून फार तीव्र असते. ते बी प्रकारच्या जड पेटीतून जाते आणि तिची परीक्षा म्हणजे सत्त्वपरीक्षाच असते. ९ मीटरवरून कठीण पृष्ठभागावर पाडणे, पोलादी खुंटीवर आदळवणे, ८०० अंश सेल्सिअसच्या आगीत अर्धा तास ठेवणे, शिवाय पाण्यात बुडवणे. गाडी उलटली आणि पेटली तरी पेटी फुटू नये, हा त्यामागचा विचार. चालक कितीही सावध असला, तरी भिस्त त्याच्यावर न ठेवता पेटीवर ठेवायची, हे या नियमांचे मर्म आहे.

पेटीवरचे लेबलही बोलके असते. तीन पाकळ्यांचे चिन्ह आणि त्याखाली तांबड्या उभ्या रेघा. पांढऱ्या लेबलावर एक रेघ असेल तर किरण अगदी कमी. पिवळ्या लेबलावर दोन किंवा तीन रेघा असतील तर त्या मानाने अधिक. पिवळ्या लेबलावर एक आकडाही असतो. पेटीपासून एक मीटरवर तासाला किती मिलिसिव्हर्ट मिळतात ते मोजून त्याला शंभराने गुणले, की तो आकडा मिळतो. एका गाडीत किती पेट्या ठेवायच्या आणि माणसांपासून किती दूर ठेवायच्या, हे त्यावरून ठरते. पेटी उघडण्याची गरज नाही, रेघा मोजता आल्या तरी पुरे.

हे नियम भाभांनी एकट्याने लिहिले नाहीत. पण ते ज्या जागतिक व्यवस्थेतून आले, तिच्या उभारणीत त्यांचा हात होता. अणूच्या शांततामय उपयोगांवरील पहिली संयुक्त राष्ट्र परिषद ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला भरली, तिचे अध्यक्ष भाभा होते. १९५७ मध्ये व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था स्थापन झाली आणि १९६१ मध्ये तिने किरणोत्सारी पदार्थांच्या वाहतुकीचे पहिले नियम प्रसिद्ध केले. पुढे त्यांत वेळोवेळी सुधारणा होत गेल्या. आपल्याकडे १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यात अशा वाहतुकीबाबत नियम करण्याची तरतूद आली.

दरम्यान ट्रॉम्बे गजबजले होते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक भट्टी चालू झाली, १९६० मध्ये कॅनडाच्या साहाय्याने सायरस आली. या भट्ट्यांत तयार होणारे समस्थानिक इस्पितळांकडे आणि उद्योगांकडे रवाना होऊ लागले. भट्ट्या उभारणारे भाभा चित्रे काढत, पाश्चात्त्य संगीतात रमत. बांधकामाच्या आड येणारे मोठे झाड तोडण्याऐवजी ते मुळासकट हलवून दुसरीकडे लावण्याचा त्यांचा आग्रह असे. अवजड आणि नाजूक वस्तू इजा न होता दुसऱ्या जागी कशी न्यावी, याची काळजी त्यांना झाडांच्या बाबतीतही होती.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाच्या त्याच संस्थेच्या बैठकीसाठी निघालेल्या भाभांचे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. विमानातील सर्व ११७ जण दगावले. भाभांचे वय अवघे ५६ होते. पुढल्या जानेवारीत ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

भाभांचे मोठेपण मान्य करतानाच एक उणीवही सांगितली पाहिजे. आयोग, खाते आणि संशोधन केंद्र यांची सूत्रे त्यांच्या एकट्याच्या हाती होती. काम करणारा आणि कामाची तपासणी करणारा एकाच घरात राहत होता. नव्या क्षेत्राच्या उभारणीला वेग मिळावा म्हणून ते तेव्हा सोयीचे ठरले, परंतु बाजारात तोलणारा आणि विकणारा एकच असेल तर ग्राहकाच्या मनात शंका राहतेच. तपासणीसाठी अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले, म्हणजे भाभांच्या निधनानंतर सतरा वर्षांहून अधिक काळाने.

नियम असूनही ओळख विसरली तर काय होते, हे देशाने एप्रिल २०१० मध्ये पाहिले. दिल्लीतील एका प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे पडून राहिलेले कोबाल्टचे उपकरण भंगारात विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी त्याचे शिशाचे आवरण फोडले. एका कामगाराचा जीव गेला, अनेक जण आजारी पडले. त्या गरिबांना आत काय आहे हे कोणी सांगितले नव्हते.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. चिन्ह पाहूनच घाबरून अशी पेटी न्यायला नकार देण्याचे प्रकार जगभर घडतात. तपासणीसाठी लागणाऱ्या मॉलिब्डेनमचे तेज दर ६६ तासांनी निम्मे होते. पेटी गोदामात तीन दिवस अडकली, तर इस्पितळात पोचेल तो निम्म्याहून कमी माल आणि तपासणीसाठी वाट पाहणारा रुग्ण तसाच परत जाईल. निष्काळजीपणाने माणूस मरतो, तसा अकारण भीतीनेही उपचाराला मुकतो. दोन्हींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे मोजल्यावाचून मत बनवणे.

पुन्हा पिंपळगावच्या बाजारात येऊ. मिरची वाळते, तिची पूड होते. असे मसाले जंतुरहित करण्यासाठी वाशीला २००० सालापासून कोबाल्टच्या किरणांचा प्रकल्प आहे. किरण पुडीतून जातात, पण पूड किरणोत्सारी होत नाही, जशी उन्हात वाळवलेली मिरची अंधारात चमकत नाही. त्या प्रकल्पाकडे कोबाल्टची जड पेटी कधीतरी महामार्गाने जात असेल. तिच्या पुढेमागे मिरचीचे ट्रकही धावत असतील. अशी गाडी दिसली तर घाबरून पळायचे कारण नाही आणि कुतूहलाने हात लावायचेही नाही. रेघा पाहाव्यात, अंतर ठेवावे आणि वाट द्यावी. माल ओळखून त्याला साजेशी पेटी करणारे मिरचीच्या बाजारातले शहाणपण भाभांच्या ट्रॉम्बेलाही लागते. तोलणारा मात्र वेगळा हवा, एवढी एक गोष्ट ट्रॉम्बेला जरा उशिरा उमगली.