विश्लेषण : कायद्याचे पंडित, खोतांचे कैवारी, कोण होते रावसाहेब मंडलिक?

तळा : वडिलोपार्जित जमिनीचे जुने कागद काढले की तळा, माणगाव, महाड परिसरात ‘खोत’ हा शब्द हमखास समोर येतो. खोती १९५० मध्ये संपली. मात्र त्याआधी जवळपास शतकभर तिच्यावरून वाद झाला. या वादात एकोणिसाव्या शतकात खोतांची बाजू ज्यांनी हिरिरीने मांडली, ते होते रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक. वकील, संपादक, धर्मशास्त्राचे अभ्यासक आणि मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलचे सदस्य. परंपरा जपणारे राजकारण म्हणजे काय, हे त्यांच्या कारकिर्दीतून नीट समजते.

मंडलिक कुठले?

जन्म १८३३, गाव मुरुड. हे रायगडमधले मुरुड-जंजिरा नव्हे, तर दापोली तालुक्यातले मुरुड. घराणे खोतांचे. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण झाल्यावर त्यांनी काही वर्षे सरकारी नोकरी केली, मग ती सोडून हायकोर्टात वकिली सुरू केली. १८६४ मध्ये त्यांनी ‘नेटिव्ह ओपिनियन’ हे पत्र सुरू केले. एल्फिन्स्टनने लिहिलेल्या हिंदुस्थानच्या इतिहासाचे त्यांनी मराठी भाषांतर केले. मुंबई महापालिकेचे ते काही काळ अध्यक्षही होते.

१८७४ मध्ये त्यांची मुंबईच्या कायदे कौन्सिलवर नेमणूक झाली. तेव्हा निवडणूक नव्हती. १८६१च्या कायद्यानुसार गव्हर्नर काही बिनसरकारी सदस्य नेमत असे. असे सदस्य मोजकेच आणि बहुतेक संस्थानिक, शेठ किंवा वकील असत. १८८४ मध्ये मंडलिक व्हाइसरॉयच्या कौन्सिलवर गेले.

खोती म्हणजे नेमके काय?

खोत गावाचा सारा गोळा करून सरकारात भरत असे. त्या बदल्यात कुळांकडून तो पिकाचा वाटा घेई. निम्मे पीक द्यावे लागले तर अर्धेल, तिसरा हिस्सा असेल तर तिर्धेल. खोताच्या शेतावर फुकट राबावे लागे, ती वेठ. काही गावांत धारेकरी नावाचे शेतकरी होते. त्यांचा सारा ठरलेला असे, त्यामुळे त्यांची स्थिती कुळांपेक्षा बरी होती.

सरकारला भरायचा सारा आणि कुळांकडून आलेला वाटा यातला फरक खोताचा. म्हणूनच प्रश्न उभा राहिला : खोत हा जमिनीचा मालक, की सरकारचा वसुली करणारा माणूस?

वाद कशावरून पेटला?

१८६५च्या जमीन पाहणी कायद्याने खोताने कुळाकडून किती घ्यावे हे ठरवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. रत्नागिरी जिल्ह्यात मोजणी सुरू झाली, दर ठरू लागले आणि खोत बिथरले. अनेकांनी नव्या अटींवर गाव घ्यायला नकार दिला. सरकारने गावे जप्त केली. दापोली तालुका या संघर्षाच्या केंद्रस्थानी होता.

मंडलिकांनी खोतांची बाजू घेतली. त्यांच्या मांडणीचा गाभा असा होता : खोती हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला वंशपरंपरागत हक्क आहे, सरकारने दिलेली नोकरी नव्हे. सनदा, वहिवाट आणि जुने कागद त्याला आधार देतात. अधिकाऱ्याच्या मर्जीने तो कमी करता येणार नाही. इंग्रज सरकारला त्याच्याच कायद्याच्या भाषेत अडवणारा माणूस त्या काळात दुर्मीळ होता, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

१८८०च्या खोती कायद्याने तडजोड झाली. खोती वंशपरंपरागत आणि हस्तांतरणीय मानली गेली. दुसऱ्या बाजूला १८४५ पूर्वीपासून सतत जमीन कसणाऱ्या कुळांना कायम कुळाचा हक्क मिळाला. तो वारसाने चालणार होता. पण खोताच्या संमतीशिवाय जमीन दुसऱ्याला देता येत नव्हती.

समाजसुधारणेबद्दल काय भूमिका होती?

इथेही तोच धागा दिसतो. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्याविरुद्ध मोहीम उघडली. विवाहाच्या प्रश्नात सरकारने कायद्याने हात घालण्याला मंडलिकांचा विरोध होता. बदल व्हायचा तर तो समाजाच्या आतून व्हावा, असे ते मानत.

हा विरोध अडाणीपणातून आलेला नव्हता. ‘व्यवहारमयूख’ आणि याज्ञवल्क्य स्मृतीचे त्यांचे इंग्रजी भाषांतर १८८० मध्ये, तर अनेक टीकांसह मनुस्मृतीची आवृत्ती १८८६ मध्ये निघाली. शास्त्राबरोबर प्रत्यक्ष रूढीलाही कोर्टाने वजन द्यावे, यावर त्यांचा भर होता. पुढे ते सरकारी वकीलही झाले. १८८९ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्याच मुरुड गावाशी नाते असलेल्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. बदल समाजाच्या आतून आणू पाहणाऱ्याला काय सोसावे लागते, ते मंडलिकांच्या पश्चात चारच वर्षांत त्यांच्याच गावात दिसले.

मग त्यांचे मूल्यमापन कसे करायचे?

मंडलिकांचे म्हणणे एका ओळीत सांगायचे तर, सरकारने जुन्या हक्कांत आणि घरच्या चालीरीतींत ढवळाढवळ करू नये. परक्या सत्तेपुढे हे म्हणायला धैर्य लागत होते. पण जुना हक्क म्हटले की तो कुणाचा, हेही विचारावे लागते. खोताचा हक्क सनदेत लिहिलेला होता. कुळाची वहिवाट बहुधा कुठेच लिहिलेली नव्हती. कौन्सिलमध्ये खोतांच्या बाजूने बोलायला मंडलिकांसारखा विद्वान होता. कुळांच्या बाजूने जे काही झाले ते साहेबाच्या मोजणीमुळे. त्यांच्यातला एकही माणूस तिथे बसलेला नव्हता.

ती जागा भरायला अर्धे शतक गेले. १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. तो १९३९ पर्यंत चालला. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. अखेर १९४९च्या कायद्याने खोती संपवली आणि १९५० पासून तो अमलात आला. त्यानंतर कुळे सारा थेट सरकारात भरू लागली.

पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातल्या खोतीच्या गावांत आज जमीन कुणाच्या नावावर आहे, याचे उत्तर बऱ्याचदा या घटनाक्रमात सापडते. जुन्या कागदावर ‘खोत’ आणि ‘कूळ’ अशी दोन्ही नावे दिसली, तर आपले पूर्वज त्यातल्या कुठल्या रकान्यात होते तेही पाहा.