सायकलवरचे हृदयरोगतज्ज्ञ : डॉ. पॉल डडली व्हाइट

मागच्या वर्षी सेमिस्टरची परीक्षा चालू असताना घरून फोन आला. बाबांना जरा अ‍ॅसिडिटी झालीय, तू अभ्यास कर, असं आईने सांगितलं. शेवटचा पेपर देऊन घरी गेले तेव्हा कळलं, की तो हार्ट अ‍ॅटॅक होता. बाबांचं वय ४८. माझी परीक्षा बिघडू नये म्हणून सगळ्यांनी लपवलं होतं. मला रागही आला आणि रडूही. त्या सुट्टीत मी हृदयाबद्दल मिळेल ते वाचत सुटले आणि त्यात मला डॉ. व्हाइट भेटले. (मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मराठी थोडं सांभाळून घ्या!)

पॉल डडली व्हाइट यांचा जन्म ६ जून १८८६ रोजी अमेरिकेतल्या बोस्टन शहरात, रॉक्सबरी भागात झाला. वडील फॅमिली डॉक्टर होते. पॉल १९११ साली हार्वर्डमधून एम.डी. झाले. त्यांची धाकटी बहीण हृदयाच्या आजाराने लहानपणीच गेली. पुढे त्यांनी हृदय हाच विषय धरला, त्यामागे हे दुःखही होतं.

तेव्हा फक्त हृदयाचा वेगळा डॉक्टर ही कल्पनाच नवीन होती. १९१३ साली ते लंडनला थॉमस लुईस यांच्याकडे ईसीजी शिकायला गेले. आपण लॅबमध्ये गॅल्व्हनोमीटर वापरतो ना, त्याचाच हा भाऊ. चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्‌झचा अगदी बारीक धागा चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणलेला असायचा. हृदयातून येणाऱ्या करंटमुळे तो हलायचा आणि त्याची हालचाल फोटोवर उतरायची. ही विद्या घेऊन व्हाइट बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये परतले आणि तिथे त्यांनी हृदयरोगाचा विभाग उभा केला. १९३० साली त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर हृदयाच्या ठोक्यातला एक दोष नोंदवला. तो आजही वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट या नावाने शिकवला जातो. १९३१ साली आलेलं त्यांचं हृदयरोगावरचं पुस्तक डॉक्टरांच्या पिढ्यांनी वापरलं.

पण मला ते आवडले ते दुसऱ्याच कारणासाठी. आजार झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो होऊच नये म्हणून काय करता येईल, हा त्यांचा खरा प्रश्न होता. १९२४ साली अमेरिकन हार्ट असोसिएशन स्थापन करणाऱ्या सहा डॉक्टरांपैकी ते एक. चाळिशीच्या आत हार्ट अ‍ॅटॅक आलेल्या रुग्णांचा त्यांनी अभ्यास केला आणि त्यावरचं पुस्तक १९५४ साली प्रसिद्ध झालं. अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाबरोबर ते इटली आणि ग्रीसला गेले. तिथले लोक काय खातात, किती राबतात आणि त्यांची हृदयं कशी आहेत, हे त्यांनी पाहिलं. इकडे बोस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली ५,२०९ लोकांची तपासणी सुरू झाली होती. त्यातूनच पुढे वाढलेलं ब्लडप्रेशर, कोलेस्टेरॉल आणि सिगरेट हे हृदयाचे शत्रू आहेत, हे आकड्यांनी सिद्ध झालं.

आणि मग आला सप्टेंबर १९५५. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर डेन्व्हरला सुट्टीवर होते. २४ तारखेच्या पहाटे त्यांच्या छातीत दुखायला लागलं. बाहेर सांगितलं गेलं, की पोट बिघडलंय. (आमच्या घरासारखंच!) दुपारी ईसीजी काढला आणि मग खरी बातमी बाहेर आली. सोमवारी न्यूयॉर्कचा शेअर बाजार साडेसहा टक्क्यांनी कोसळला. व्हाइट विमानाने डेन्व्हरला गेले आणि त्याच सोमवारी पत्रकारांसमोर बसले. हार्ट अ‍ॅटॅक म्हणजे नक्की काय, रक्तवाहिनी कशी बंद होते, बरं व्हायला किती दिवस लागतात, हे सगळं त्यांनी शाळेतल्या सरांसारखं समजावून सांगितलं. अगदी राष्ट्राध्यक्षांना शौचाला झाली हेसुद्धा! लोक हसले, पण हृदयाबद्दल उघड बोलायला शिकले. अ‍ॅटॅक म्हणजे आयुष्य संपलं, ही समजूतही ढिली झाली. आयझेनहॉवर १९५६ साली पुन्हा निवडून आले आणि १९६९ पर्यंत जगले.

व्हाइट स्वतः म्हातारपणापर्यंत सायकल चालवत आणि भरपूर चालत. चालताना पायांचे स्नायू रक्त वर हृदयाकडे ढकलतात, म्हणजे हृदयाला फुकटचा मदतनीस मिळतो, हे ते लोकांना पटवून देत. ३१ ऑक्टोबर १९७३ रोजी ८७ व्या वर्षी ते गेले. बोस्टनच्या चार्ल्स नदीकाठच्या सायकल मार्गाला आज त्यांचं नाव आहे.

त्यांचं भारताशीही नातं आहे. डॉ. एस. पद्मावती १९५२ साली हार्वर्डमध्ये त्यांच्या हाताखाली शिकल्या. भारतात परतल्यावर त्यांनी १९६२ साली ऑल इंडिया हार्ट फाउंडेशन सुरू केलं. २०२० साली १०३ व्या वर्षी त्या गेल्या.

आता आपल्याबद्दल. आपण विशीत आहोत, आपल्याला काय होणार, असं टपरीवर सिगरेट पेटवताना प्रत्येकालाच वाटतं. पण रक्तवाहिन्यांत चरबी साचायला सुरुवात तरुणपणीच होते. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत अ‍ॅटॅक आला असेल, तर आपला धोकाही वाढतो. म्हणजे माझाही. म्हणून मी ब्लडप्रेशर आणि कोलेस्टेरॉल तपासून घेतलं, आणि होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर आता जिन्यानेच जाते. मेसमधल्या सर आणि काकांनाही एक विनंती. छातीत जडपणा, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, असं काही झालं तर गॅस म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा आणि लगेच हॉस्पिटल गाठा.

बाबा आता रोज सकाळी चालायला जातात. आणि आमच्या घरी एक नियम झालाय, तब्येतीचं काहीही लपवायचं नाही. परीक्षा असली तरी.